खुराड्याची कडी

६ फेब्रुवारी

चष्म्याच्या काचा पुरवणारी कंपनी दरवर्षी आमच्या दुकानात एक डायरी पाठवते. मालक ती मला देतात आणि मी घरी आणून बायकोला देत असे. या वर्षीची कोरीच पडून आहे. मला लिहायची सवय नाही. पण आज जे झालं ते कोणाला सांगावं हे सुचेना.

दुपारी फ्रेममध्ये काच बसवत होतो, तेव्हा फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, "तुमची पिल्लं तयार आहेत. परवा घेऊन जा." मी चुकीचा नंबर म्हणून ठेवणार होतो, तर त्याने बायकोचं नाव घेतलं. डिसेंबरात तिने उबवणी केंद्रात कोंबडीच्या दोन डझन पिल्लांची नोंदणी केली होती. मला सांगितलं असणार. मी मान हलवून हो म्हणालो असणार. "त्या स्वतः येतायत का?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "नाही, मी येतो." ती गेल्याचं त्याला सांगण्यात काही अर्थ नव्हता.

सासूबाई दवाखान्याच्या दिवसांपासून आमच्याकडेच आहेत. मी त्यांना आई म्हणतो. घरी येऊन त्यांना सांगितलं आणि म्हणालो, "उद्या फोन करून नको म्हणून कळवतो." त्या तांदूळ निवडत होत्या. ताट खाली ठेवून म्हणाल्या, "नको कसं? तिने मागवलीत ना? मग आणा."

मेहुणा महिनाअखेर आईंना न्यायला येणार आहे. मुलगी गेल्यावर जावयाच्या घरी किती दिवस राहायचं, असं त्याचं म्हणणं. बरोबरच आहे.

८ फेब्रुवारी

पिल्लं आणली. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो होतो. आत सारखी चिवचिव. शेजारच्या बाईंनी विचारलं, "लेकी बाळंतपणाला आणल्यात की काय?" आणि स्वतःच हसल्या. मलाही थोडं हसू आलं.

उबवणी केंद्राच्या माणसाने सांगितलं होतं की वारा न लागणारी खोली हवी. तशी आमच्याकडे एकच आहे, आमची झोपायची. ती जानेवारीपासून बंद होती. मी बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपतो, आई स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत. आईंनी मला विचारलं नाही. सरळ जाऊन दार उघडलं, खिडकी पुसली, पलंग भिंतीला सरकवला. मग मोठ्या खोक्यात भुसा पसरला, त्यावर वर्तमानपत्र, आणि वर दिवा टांगला. एकेक पिल्लू हातात घेऊन त्याची चोच पाण्यात बुडवली. "एकदा चव कळली की आपली आपण पितात," म्हणाल्या. त्यांच्या माहेरी कोंबड्या असत. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

९ फेब्रुवारी

दिवा किती उंच ठेवायचा ते पिल्लंच सांगतात. खाली गर्दी करून बसली तर थंडी आहे, कडेला पांगून तोंडं उघडी टाकली तर उकडतंय. दुकानात जाण्यापूर्वी दोनदा आणि आल्यावर दोनदा दोरी वरखाली केली. आई म्हणाल्या, "अहो जावईबापू, ती काय चष्म्याची काच आहे? बोटभर इकडेतिकडे चालतं."

१२ फेब्रुवारी

एक पिल्लू सकाळी मेलेलं होतं. काल सुस्त वाटत होतं. आईंनी कोमट पाण्यात कापूस बुडवून त्याचं मागचं पुसलं होतं, विष्ठा चिकटून बसली की मरतात म्हणे. तरी गेलं. त्यांनीच अंगणात खड्डा केला. मी फावडं घ्यायला गेलो तर म्हणाल्या, "राहू द्या. एवढुसा तर आहे."

त्या रडल्या नाहीत. जानेवारीतही मी त्यांना रडताना पाहिलं नाही. त्यांनीही मला पाहिलं नसेल. माझ्यासमोर त्यांना संकोच वाटत असावा, म्हणून मी संध्याकाळी मुद्दाम जरा वेळ बाहेर चक्कर मारून येतो.

१८ फेब्रुवारी

मेहुण्याचा फोन आला. आईंनी स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगितलं, "त्याला म्हणावं, पिसं फुटेपर्यंत मला हलता येणार नाही." मी तसं सांगितलं.

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तुम्हाला नाही का जमणार?"

मी म्हणालो, "मी दिवसभर दुकानात. एकट्याला कठीण आहे."

फोन ठेवल्यावर विचार केला. मी दुपारी जेवायला घरी येतोच. पाण्याचं भांडं भरायला आणि भुसा बदलायला किती वेळ लागतो? पण बोलून गेलो खरा. आईंनाही पिल्लांचा लळा लागलाय, तेव्हा त्यांच्या दृष्टीने बरंच झालं.

२३ फेब्रुवारी

उंदीर. एका पिल्लाचा पाय कुरतडला. आईंनी हळद लावली, पण ते दुसऱ्यांच्या टोचण्यातून वाचेल असं वाटत नाही. वेगळ्या डब्यात ठेवलंय. खोक्याला वरून जाळी बसवायला हवी म्हणून मागच्या गल्लीतल्या वेल्डरकडे गेलो. त्याने साधी कोंबडीची जाळी दाखवली, षटकोनी भोकांची. मी बोट घालून पाहिलं आणि म्हणालो, बारीक हवी.

"साहेब, ही जाळी कोंबड्यांचीच आहे."

"हिने कोंबडी आत राहील. बाहेरचं बाहेर राहणार नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चष्मेवाल्यांशी कोण हुज्जत घालणार," आणि आतून चौकोनी जाळी काढली.

२५ फेब्रुवारी

पाय कुरतडलेलं पिल्लू गेलं.

७ मार्च

दोन रविवार अंगणात खुराडं बांधण्यात गेले. सांगाडा वेल्डरने केला. जाळी मी बसवली. मुंगूस खालून उकरून येतं, म्हणून जाळी जमिनीत हातभर गाडून बाहेरच्या बाजूला वळवली आणि वर दगड रचले. दाराची फट मी पुठ्ठ्याचा तुकडा घालून तपासली. जिथे पुठ्ठा सरकला तिथे पट्टी मारली. दाराला लोखंडी कडी, वर अडकवायला आकडा. नुसती कडी मुंगूस नाकाने उचलतं असं वेल्डर म्हणाला.

झाल्यावर त्याने चारी बाजूंनी फिरून पाहिलं. "मावशी, हे खुराडं आहे की बँकेची तिजोरी? जावयाने आत काय सोनं ठेवायचं ठरवलंय?"

आई म्हणाल्या, "तुझी जीभ आधी कोंडते त्यात."

तो इतका हसला की हातातली पकड पडली. आईही हसल्या. त्यांचं हसणं तिच्यासारखं आहे, शेवटी श्वास आत ओढतात. मी आत जाऊन पाणी प्यायलो.

१२ मार्च

पिल्लं बाहेर हलवली. आता त्यांना पिल्लं म्हणायचं की नाही कळत नाही. अर्धी पिसं, अर्धी लव, सगळी माना ताणून बघतात. झोपायची खोली झाडली. भुसा पलंगाखाली, कपाटाच्या मागे, सगळीकडे गेला होता. खोलीला वास आहे. आज तिथेच झोपणार आहे.

१९ मार्च

घारीने एक नेलं. दुपारी अंगणात मोकळी सोडली होती, आई पायरीवर बसून होत्या. सांगत होत्या की सावली आली एवढं कळलं, आणि वर पाहीपर्यंत संपलं होतं. त्यांनी चप्पल फेकली. ती अजून शेजाऱ्यांच्या पत्र्यावर आहे.

"मी बसले होते तिथेच," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "समोर बसले होते हो मी."

दुकानात चुकलेल्या, तडा गेलेल्या काचांचा एक डबा भरून पडला होता, तो घेऊन आलो. एकेक काच दोऱ्याला बांधून अंगणावर आडव्या तारेला टांगली. वारा आला की फिरतात आणि चमकतात. घारीला ते आवडत नाही म्हणतात.

वेल्डर चप्पल काढायला शिडी घेऊन आला. वर बघून म्हणाला, "काय साहेब, कोंबड्यांना नंबर लागला वाटतं?"

२७ मार्च

घार पुन्हा आली नाही. कोंबड्या वाढल्यात. संध्याकाळी अंधारू लागलं की स्वतःच ओळीने आत जातात. एक तांबूस आहे ती सगळ्यांत शेवटी, दारात थांबून मागे वळून बघते आणि मग शिरते. आई तिला "मुकादम" म्हणतात.

दार आई लावतात. मग मी बॅटरी घेऊन जातो, कडी हलवून बघतो, आकडा बघतो, जाळीभोवती एक फेरी मारतो. दिवसातलं हे एक काम मला मनापासून आवडतं. का ते सांगता येणार नाही. सगळं जिथल्या तिथे आहे हे हाताला कळतं.

२९ मार्च

आज आई दार लावून आल्या आणि मी बॅटरी उचलली. त्या म्हणाल्या, "जावईबापू, मी लावलेल्या दाराला काही होतं का?"

"तसं नाही."

"मग रोज जाऊन काय बघता? मी घर सांभाळलं, दोन पोरं वाढवली. कडी मला लावता येते. का त्या घारीच्या दिवसापासून भरवसा राहिला नाही?"

मी म्हणालो, "नाही नाही." आणि बॅटरी ठेवून दिली.

त्यांना माझं जाणं लागत होतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उद्यापासून जायचं नाही.

२ एप्रिल

गेलो नाही. संध्याकाळी खुर्चीत बसून राहतो. वर्तमानपत्र सकाळीच वाचून झालेलं असतं. आईंनी आज दोनदा विचारलं, "बरं वाटत नाही का?" बरं आहे म्हणालो. त्या आपला मान राखला म्हणून खूश असतील असं वाटलं होतं, पण तशा दिसत नाहीत.

५ एप्रिल

मेहुण्याचा फोन. पिसं कधीच फुटली, हे त्यालाही कळतं. आई म्हणाल्या, "अंडी घालायला लागेपर्यंत थांबते. तोवर खाणंपिणं नीट बघावं लागतं." तो वैतागला. मला फोन द्यायला सांगितलं.

"भाऊजी, खरं सांगा, तिचं ओझं होतंय ना तुम्हाला? तुम्ही बोलणारे नाही म्हणून मी विचारतोय."

आई समोर होत्या. मी म्हणालो, "तसं काही नाही. त्यांची इच्छा असेल तसं."

याहून वेगळं काय बोलणार? माणसाला आपल्या मुलाकडे जावंसं वाटत असेल तर त्यात आपण आडवं येऊ नये. आई उठून आत गेल्या. जेवताना गप्प होत्या. मुलाची आठवण येत असेल.

वेल्डरला विचारलं, कोंबड्या किती महिन्यांनी अंडी घालतात. त्याने सांगितलं त्याहून थोडे जास्त लागले तरी हरकत नाही.

९ एप्रिल

सगळं गेलं.

पहाटे उजाडताना कोंबड्यांचा आवाज आला. रोजचा नव्हता. मी धावलो तोवर आवाज थांबला होता. मुंगूस दारातून निघून कुंपणाखाली गेलं. पळालंसुद्धा नाही, चालत गेलं. दार उघडं होतं. कुठे उकरलेलं नाही, जाळी फाटलेली नाही. कडी मोकळी लोंबत होती आणि आकडा बाजूला.

खाण्यासाठी त्याने एकही नेली नाही. सगळ्यांच्या मानेवर दात. तीन तेवढ्या वरच्या दांडीवर राहिल्या होत्या, ओरडतही नव्हत्या. तांबडी दारापाशीच पडली होती.

आई मागून आल्या. कडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली, कारण मी गेलो असतो तर हे झालं नसतं. इतक्या जाळ्या, इतक्या पट्ट्या, आणि मी दहा पावलं चाललो नाही.

आम्ही दोघांनी मिळून खड्डा खणला. या वेळी त्यांनी फावडं माझ्याकडून घेतलं नाही. दुपारी दुकानात एका गिऱ्हाइकाची उजवी काच डावीकडे बसवली. असं आजवर झालं नव्हतं. मालक घरी जा म्हणाले.

१० एप्रिल

आईंनी स्वतः मेहुण्याला फोन केला. "रविवारी ये," म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "त्या तीन वेल्डरच्या बायकोला देऊन टाका. तिला हव्यात."

मी बरं म्हणालो.

त्यांनी मला दाराबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. ज्या माणसाला साधी फेरी मारता आली नाही त्याच्या घरी कोण थांबेल?

११ एप्रिल

तिन्ही कोंबड्या पिशवीत घालून वेल्डरकडे पोहोचवल्या. त्याने नेहमीसारखी थट्टा केली नाही. म्हणाला, "मावशी जातायत?" मी हो म्हणालो. "तुम्ही थांबा म्हणालात का?" मी म्हणालो, "आता त्यांना इथे काय काम आहे?" तो म्हणाला, "साहेब, दुसऱ्यांना नंबर काढून देता तुम्ही," आणि पुढे बोललाच नाही.

१२ एप्रिल

हे सगळं जसं झालं तसं लिहायचा प्रयत्न करतो.

आई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी दारात उभा होतो, काही मदत हवी का विचारायला. त्या वर न बघता म्हणाल्या, "जाण्याआधी एक सांगून टाकते. नाहीतर तिकडे जाऊन मला जेवण जाणार नाही. त्या संध्याकाळी दार मी लावलं नव्हतं."

मला वाटलं, विसरल्या असतील. तसं म्हणालो.

"विसरायला काय झालं? मुद्दाम लावलं नाही. मी बोलले आणि तुम्ही फेरी सोडली. रोज त्या खुर्चीत बसायचात, हात मांडीवर ठेवून. मला वाटलं, या माणसाचं एवढं एकच काम होतं आणि तेही मी काढून घेतलं. म्हटलं दार तुमच्यासाठी ठेवावं. कोंबड्या आत गेल्या की उठतील, बघतील, लावतील."

"मला सांगायचं होतंत."

"सांगून केलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी केलं असतं."

मी म्हणालो, "मला रोज उठावंसं वाटायचं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही उठलो. त्या दिवशीसुद्धा."

त्यांनी हातातली साडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "दवाखान्यातही आपण हेच केलं."

मला कळलं नाही.

"शेवटच्या दुपारी मी खाली जाऊन बसले. म्हटलं नवराबायकोला घटकाभर एकटं राहू द्यावं. तुम्ही कुठे होतात?"

मी व्हरांड्याच्या टोकाला बाकावर होतो. आईलेकींना एकत्र बसू द्यावं म्हणून. नर्स आधी माझ्याकडे आली की त्यांच्याकडे, ते मला आठवत नाही. आजपर्यंत मी धरून चाललो होतो की ती गेली तेव्हा आई तिच्याजवळ होत्या. त्यावरच मी दिवस काढत होतो. आणि मी तिच्याजवळ होतो, यावर त्या काढत होत्या.

हे मी बोललो. किती बोललो ते आठवत नाही. मग त्या रडल्या आणि मीही. कोणी खोलीबाहेर गेलं नाही.

एवढं झालं तरी बॅग भरलेलीच राहिली. मेहुण्याने रजा टाकली आहे.

१३ एप्रिल

मेहुणा सकाळीच गाडी घेऊन आला. चहा झाला. त्याने बॅग उचलून गाडीत ठेवली. आईंनी सगळ्या खोल्यांतून एक चक्कर मारली आणि पायरीवर येऊन चपला घातल्या. मला म्हणाल्या, "गॅसची नळी बदलून घ्या. आणि रात्रीचं उपाशी झोपू नका."

मी बरं म्हणालो. मग तिथेच उभा राहिलो.

मेहुणा म्हणाला, "चल आई, ऊन चढायच्या आत निघू."

मी म्हणालो, "आई, जाऊ नका."

मेहुणा हसला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. म्हणाला, "भाऊजी, आता कोंबड्या कुठे राहिल्यात?"

"कोंबड्यांसाठी नाही," मी म्हणालो. "मला करमणार नाही. मला त्या इथे हव्या आहेत. त्यांना राहायचं नसेल तर वेगळी गोष्ट. पण मला त्यांचं ओझं होतंय, किंवा त्या गेल्या तरी मला चालेल, असं कोणी समजू नये. मला चालणार नाही."

आवाज मोठा झाला असावा. मागच्या गल्लीत वेल्डरचं यंत्र थांबलं.

आई मुलाकडे वळल्या. म्हणाल्या, "बघितलंस? मी निघून गेल्यावरच सांगतील हे, असं वाटलं होतं मला." आणि मग, "बॅग काढ."

"आई, अगं मी रजा टाकून आलोय."

"मग जेवूनच जा. तुझ्याकडे येईन मी, राहीन चार दिवस. पण घर माझं इथे. पोरीचं आहे."

मेहुणा बोनेटला टेकून उभा राहिला. डोळे पुसले की घाम, ते कळलं नाही. मग त्याने बॅग काढली आणि माझ्या हातात दिली.

जेवून तो दुपारी गेला. त्यानंतर आई आणि मी मागच्या पायरीवर बसलो. त्यांनी विचारलं, "तुम्हाला ती पहिल्यांदा कुठे दिसली हो? मला कधी कोणी सांगितलंच नाही." मी सांगितलं. मग त्यांनी ती लहान असतानाचं काही सांगितलं, त्यावर मी हसलो, आणि मग मला आणखी काही आठवलं. अंधार पडला तरी आम्ही बोलत होतो.

काय बोललो ते इथे लिहायची गरज वाटत नाही.